पक्षी पिसं कुरतडतोय, औषध द्यायचं का? पुण्यातल्या पक्षीपालकांचे नेहमीचे प्रश्न

फोन कोथरूडहून येवो की वाकडहून, पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: "डॉक्टर, पिसं कुरतडायचं थांबेल असं काहीतरी लिहून द्या ना." औषधं आहेत, आणि त्यातली काही खरोखर उपयोगाची आहेत. पण खाजेवरचं औषध एकटेपणावर चालत नाही आणि मन शांत करणारी गोळी शिशाच्या विषबाधेवर चालत नाही. म्हणून इथे औषधांच्या नावांइतकाच वेळ "कशासाठी" या प्रश्नावर घालवला आहे. डोस कुठेही दिलेला नाही. तो मुद्दाम दिलेला नाही, कारण पुढे येईलच.

पिसं नुसती झडताहेत की तो कुरतडतोय, हे कसं ओळखायचं?

नेहमीच्या पीसझडीत जुनं पीस अख्खं गळतं, टक्कल पडत नाही आणि त्या जागी लवकरच कोंबासारखं नवं पीस वर येतं. कुरतडलेल्या पिसाची कड फाटलेली, दातेरी दिसते किंवा दांडी मध्येच तुटलेली असते. काही पक्षी चावत बसत नाहीत, सरळ मुळापासून उपटतात. त्यांच्या पिंजऱ्याखाली अख्खी पिसं सापडतात आणि छाती, मांड्या, पंखांखालची जागा उघडी पडते.

सगळ्यात आधी डोकं बघा. स्वतःच्या डोक्यापर्यंत पक्ष्याची चोच पोहोचत नाही. मानेखाली सगळं उजाड आणि डोकं मात्र भरगच्च, तर हे त्याचं स्वतःचंच काम. डोक्यावरचीही पिसं गेली असतील तर एक तर शेजारचा पक्षी उपटतोय किंवा आजार आहे. हे कळायला पैसे पडत नाहीत, तरी फोन करण्याआधी फार थोडे लोक तेवढं बघतात.

यावर एखादं हमखास औषध आहे का?

नाही. पक्ष्यांच्या पीस कुरतडण्यासाठी म्हणून खास बनवलेलं औषध बाजारात नाही. जे वापरतो ते माणसांसाठी किंवा इतर जनावरांसाठी बनलेलं असतं. ते पक्ष्याला द्यायचं की नाही, हे डॉक्टर आपल्या जबाबदारीवर ठरवतो.

मग डॉक्टर औषधाआधी रक्त, एक्स-रे असं सगळं का सांगतात? पैसे काढायला?

हा प्रश्न कुणी तोंडावर विचारत नाही, पण तो चेहऱ्यावर वाचता येतो. म्हणून सविस्तर उत्तर देतो.

बाहेरून अगदी एकसारख्या दिसणाऱ्या उघड्या छातीमागे निरनिराळी कारणं असतात. फक्त बियांवर वाढलेल्या पक्ष्याला अ जीवनसत्त्व कमी पडतं, त्वचा कोरडी आणि खरखरीत होते. पिंजऱ्याच्या तारेवरचं जस्त किंवा जुन्या रंगातलं शिसं चोचीतून पोटात जातं. यकृत बिघडलं की काही पक्ष्यांना खाज सुटते. पिसांच्या मुळांत जंतू किंवा बुरशी वाढते. कॉकटेल जातीच्या छोट्या पोपटांमध्ये जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीशी खाजेचा संबंध जोडला जातो. लव्हबर्ड आणि बजरीगरमध्ये चोच आणि पिसांचा विषाणूजन्य रोग, म्हणजे पीबीएफडी, किंवा पॉलिओमा विषाणू असू शकतो. शरीरात आत कुठेतरी दुखत असेल तर पक्षी नेमकी त्याच्यावरचीच पिसं ओरबाडतो. अंड्यावर आलेली मादी पोटावरची पिसं काढते. आणि आजार कसलाच नसताना, दिवसभर एकटं बसून कंटाळलेला पक्षीही तेच करतो.

यातल्या प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. शिसं पोटात असताना मन शांत करणारं औषध दिलं तर पक्षी आठवडाभर गप्प बसेल आणि विष आपलं काम करत राहील. म्हणून रक्ताची तपासणी (यकृत, मूत्रपिंड, पेशी), विष्ठेची सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी, धातू दिसतो का यासाठी एक्स-रे आणि विषाणूंसाठी पीसीआर. प्रत्येक पक्ष्याला सगळंच लागतं असं नाही. छोट्या बजरीगरला कुठली तपासणी आणि आफ्रिकन ग्रे या मोठ्या पोपटाला कुठली, हे पक्षी हातात घेतल्यावर ठरतं.

रक्त काढायची भीती वाटते, ते समजू शकतो. निरोगी पक्ष्याचं वजनाच्या साधारण १ टक्का रक्त काढणं सुरक्षित मानतात. म्हणजे १०० ग्रॅमच्या कॉकटेलचं जास्तीत जास्त १ मिली, आणि आजारी असेल तर त्याहून कमी. जाणकार माणूस तेवढंही काढत नाही.

कारण सापडलं तर कोणती औषधं देतात?

जंतुसंसर्ग असेल तर प्रतिजैविक, तेही शक्यतो कल्चर करून, म्हणजे जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखून. बुरशी असेल तर बुरशीविरोधी औषध. जिआर्डियावर मेट्रोनिडाझोलसारखं औषध. शिसं किंवा जस्त असेल तर धातू बांधून बाहेर काढणारी इंजेक्शनं, सोबत पिंजरा बदलणं. वेदना असेल तर मेलॉक्सिकॅम, आणि मज्जातंतूंची वेदना वाटली तर गॅबापेन्टिन. पीबीएफडीवर विषाणू मारणारं औषध नाही. तिथे आधार देणं आणि इतर पक्ष्यांपासून वेगळं ठेवणं एवढंच हातात राहतं.

एक सावधगिरी. घरात पडलेली डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाची गोळी चुकूनही देऊ नका. याच औषधाने गुरांच्या मृतदेहांमार्फत आपल्याकडची गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली आणि २००६ साली जनावरांसाठी ते बंद करावं लागलं. त्याच शोधातून मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित असल्याचंही पुढे आलं. तरीही मेलॉक्सिकॅम स्वतःच्या मनाने द्यायचं नाही. मूत्रपिंड आधीच थकलेलं असेल तर तेही महागात पडतं.

आमच्या पक्ष्याला खरूज किंवा किडे असतील. आयव्हरमेक्टिन दिलं तर?

पिंजऱ्यातल्या, बाहेरच्या पक्ष्यांशी संबंध नसलेल्या पक्ष्यात पीस कुरतडण्याचं कारण किडे निघणं विरळा. बजरीगरच्या चोचीभोवती आणि पायांवर मधाच्या पोळ्यासारखे खवले आले असतील तर तो माइट नावाचा बारीक किडा असतो आणि तिथे आयव्हरमेक्टिन छान काम करतं. पण त्या रोगात पिसं कुरतडणं हे मुख्य लक्षण नसतं. गुरांसाठीच्या बाटलीतलं थेंबभर औषध ३५ ग्रॅमच्या पक्ष्याला दिलं की डोस कुठल्या कुठे जातो.

मनावर चालणारी औषधं कोणती? ती पक्ष्याला खरंच देतात?

देतात. शारीरिक कारण नाही असं पुरेसं तपासून झालं, घरातले बदल करून झाले आणि तरी पक्षी थांबत नाही, तेव्हा. किंवा तो त्वचेला, मांसाला इजा करायला लागला असेल तेव्हा लगेच, बदलांची वाट न पाहता.

क्लोमिप्रामिन हे त्यातलं सगळ्यात नीट तपासलेलं. काकाकुवांच्या एका गटाला क्लोमिप्रामिन आणि दुसऱ्याला नुसतं औषधासारखं दिसणारं द्रावण देऊन केलेली चाचणी २००४ साली प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांत औषधवाल्या गटाची पिसं जास्त सुधारली. पक्ष्यांच्या औषधशास्त्रात अशी काटेकोर चाचणी दुर्मीळच, म्हणून या औषधावर माझा इतरांपेक्षा जास्त भरवसा. मात्र हृदयाचे ठोके बिघडवण्याची त्याची खोड आहे, त्यामुळे म्हाताऱ्या किंवा हृदयाचा त्रास असलेल्या पक्ष्यात जपून.

फ्लुऑक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन ही माणसांच्या नैराश्यावरची ओळखीची औषधं. काही पक्ष्यांत सुरुवातीला चांगला फरक पडतो आणि काही काळाने सवय परत उचल खाते. म्हणजे औषध खोटं असं नाही. पण तेवढ्या अवधीत घरात काही बदललं नसेल तर पक्षी त्याच पिंजऱ्यात, त्याच कोपऱ्यात, त्याच कंटाळ्यात असतो.

अमिट्रिप्टिलिन आणि डॉक्सेपिन यांत थोडा खाज कमी करण्याचा गुणही आहे, म्हणून खाज आणि अस्वस्थता दोन्ही असतील तर कधी कधी त्यांचा विचार होतो. हॅलोपेरिडॉल हे जुनं, जोरदार औषध. स्वतःचं मांस चावणाऱ्या पक्ष्यासाठी ते अजून वापरतात. त्याने भूक मरते, पक्षी सुस्त होतो, हालचाली विचित्र होतात, आणि काही जातींना, विशेषतः काही काकाकुवा आणि क्वेकर पोपटांना, ते फार कमी मात्रेतही जास्त होतं. माझ्या मते साध्या पीस कुरतडण्यावर हॅलोपेरिडॉलने सुरुवात करू नये. नॅलट्रेक्सोन वेगळ्या वाटेने जातं: स्वतःला इजा करताना मेंदूला मिळणारी नशा तोडतं. काही पक्ष्यांना त्याचा उपयोग झाल्याच्या नोंदी आहेत.

डायझेपाम, मिडाझोलाम ही गुंगीची औषधं थोड्या वेळापुरती. महिनोन्‌महिने द्यायची नव्हेत.

आमच्याकडे फ्लुऑक्सेटिनची कॅप्सूल घरातच आहे. थोडी पूड पाण्यात टाकली तर?

नको. नेहमीची कॅप्सूल २० मिलिग्रॅमची असते. ६० किलोच्या माणसाच्या तुलनेत १०० ग्रॅमचा कॉकटेल सहाशेपट हलका. "मग सहाशेने भागू" असंही चालत नाही, कारण पक्ष्याचं शरीर कित्येक औषधं माणसापेक्षा वेगाने जाळतं आणि काही अजिबात सहन करत नाही. आफ्रिकन ग्रेचा हिशोब काकाकुवाला लागू पडत नाही, मग माणसाचा कुठून पडेल? म्हणूनच या पानावर डोसचा एकही आकडा नाही. तो दिला तर कुणीतरी रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरातल्या चमच्याने मोजायला बसेल.

योग्य रीत अशी: पक्ष्याचं वजन ग्रॅममध्ये घेऊन डॉक्टर मात्रा काढतो आणि पातळ द्रावण तयार करून किंवा करवून देतो. बाटलीवर एका मिलीत किती औषध आहे ते लिहून घ्या. ही औषधं चिठ्ठीवर मिळणारी आहेत. सदाशिव पेठेत ओळखीच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलीच, तर त्याने तुमचं काही भलं केलं असं समजू नका.

औषध पाण्याच्या वाटीतून द्यावं का?

पक्षी दिवसभरात किती पाणी पितो त्याचा भरवसा नाही. चव बदलली की तो पाणीच सोडतो, आणि मे महिन्यात ते धोक्याचं. औषध सुई काढलेल्या १ मिली सिरिंजने तोंडात द्यायचं. पक्ष्याला मऊ पंचात सैल गुंडाळा, छाती दाबू नका, कारण छाती हलली नाही तर त्याला श्वास घेता येत नाही. सिरिंजचं टोक चोचीच्या बाजूने घाला आणि थेंब थेंब सोडा. एकदम पिचकारी मारली की औषध श्वासनलिकेत जातं.

सुरुवातीला आठवडाभर औषधाशिवाय, नुसत्या सिरिंजने पेरूचा किंवा गाजराचा रस देऊन बघा. पुष्कळ पक्षी सिरिंज दिसली की स्वतः पुढे येतात. मग पंचाची गरजच उरत नाही आणि रोजची ओढाताण वाचते. घाबरट पक्ष्याला दिवसातून दोनदा पकडून औषध पाजणं हाच त्याच्या त्रासाचा एक नवा भाग होऊन बसतो. त्यामुळे देण्याची पद्धत ही उपचारातली किरकोळ गोष्ट मानू नका.

किती दिवसांत गुण येतो?

गुंगी पहिल्या दिवशी दिसते. तो गुण नव्हे. क्लोमिप्रामिन, फ्लुऑक्सेटिन यांचा खरा परिणाम जोखायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पिसं तर त्याहूनही उशिरा येतात: चावून तुटलेल्या पिसाची दांडी पुढच्या पीसझडीपर्यंत तशीच राहते, तिला नवा कोंब फुटत नाही. म्हणून तीन आठवड्यांनी "काहीच फरक नाही, अजून तसाच दिसतो" असं म्हणू नका. छातीचा फोटो दर रविवारी एकाच जागी, एकाच उजेडात काढा आणि नव्या पिसांना तो चावतोय का एवढंच बघा.

दुष्परिणाम कसे ओळखायचे?

वजनावरून. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा, त्यावर एक छोटी काठी, आणि रोज सकाळी दाणा देण्याआधी वजन. वहीत लिहा. सलग घट दिसली, किंवा एकूण वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं कमी झालं, तर पुढचा डोस द्यायच्या आधी फोन करा. उलट्या, तोल जाणं, दांडीवरून पडणं, दिवसाढवळ्या पिसं फुगवून झोपणं, विष्ठा एकदम कमी होणं, हेही लगेच कळवायचं. आजारी पक्षी शेवटपर्यंत ठणठणीत असल्याचं सोंग करतो, पण काट्यावर ते टिकत नाही.

बरं वाटलं म्हणून औषध बंद केलं तर चालेल?

एकदम नाही. मात्रा हळूहळू उतरवत, डॉक्टरांशी बोलून. नव्या पिसांची एक पूर्ण फेरी न चावता पार पडली की उतरवायचा विचार करतात. लक्ष्मीपूजनाच्या आठवड्यात औषध बंद करायचा मुहूर्त काढू नका.

गणपती आणि दिवाळीसाठी शांत करणारं काही मिळेल का?

हा खास आपल्या गावचा प्रश्न. नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव गणपतीच्या कितीतरी आधी सुरू होतो आणि संध्याकाळभर चालतो. डेक्कन, नारायण पेठ, कर्वे रस्ता या पट्ट्यात पावसाळ्याच्या उत्तरार्धात पिसं कुरतडण्याच्या तक्रारी वाढलेल्या मला दिसतात. त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: आवाज आणि झोपमोड. पोपट जातीच्या पक्ष्याला रात्री १० ते १२ तास शांत अंधार लागतो. घरात रात्री बारापर्यंत टीव्ही आणि पहाटे पाचला कुकरच्या शिट्ट्या, मग ढोल नसले तरी तो चिडचिडा होणारच.

लक्ष्मीपूजनाच्या रात्रीसाठी किंवा विसर्जन मिरवणुकीसाठी डॉक्टर मिडाझोलामसारखं औषध देऊ शकतात, पण ते आदल्या आठवड्यात दाखवून ठरवायचं. पक्षी बधिर असताना तो पडणार नाही अशी नीची काठी आणि खाली जाड कापड ठेवा. दोन महिने चालणाऱ्या सरावासाठी मात्र गुंगीचं औषध हा मार्ग नाही. तिथे पिंजरा रस्त्याच्या बाजूच्या खोलीतून आतल्या खोलीत हलवणं, संध्याकाळी पंखा किंवा रेडिओचा मंद सलग आवाज, जाड पडदे, आणि सराव सुरू असेल तेव्हा त्याला कुरतडायला कणीस किंवा पेरूची फांदी. मंडळाला जाऊन भांडायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

हार्मोनचं इंजेक्शन म्हणजे काय?

वसंतात, किंवा घरात कायम उजेड आणि भरपूर तेलकट खाणं असेल तर वर्षभरही, काही पक्षी माजावर राहतात. कोपऱ्यात घरटं करतात, उलटी करून भरवतात, एकाच माणसाला चिकटतात, इतरांना चावतात आणि पिसं काढतात. अशांना ल्यूप्रोलाइडचं इंजेक्शन देतात. माणसांत ते प्रोस्टेटच्या कर्करोगावर वापरतात, त्यामुळे स्वस्त नाही, आणि परिणाम काही आठवड्यांपुरता असतो. डेस्लोरेलिन नावाचं त्वचेखाली बसवायचं रोपण जास्त टिकतं. मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन हे जुनं इंजेक्शन कुणी सुचवलं तर नको म्हणा. लठ्ठपणा, यकृताचे विकार, मधुमेह असा त्याचा इतिहास आहे.

आणि इंजेक्शनआधी हे करा: पाठीवरून, पंखांखालून हात फिरवणं बंद. लाड डोक्यापुरते आणि मानेपुरते. जोडीदार समजतो ती आरशाची खेळणी काढा. पुठ्ठ्याचा खोका, सोफ्याखालची फट, उघडा ड्रॉवर, जिथे जिथे घरटं दिसू शकतं ते बंद. पुष्कळदा एवढ्यानेच भागतं.

गळ्यात कॉलर घालावी का?

पिसांसाठी नाही. त्वचेला जखम करत असेल, टाके असतील, तर हो, आणि तीही डॉक्टरांनी बसवून, पहिले काही तास नजरेखाली. कॉलर हात बांधते, इच्छा तशीच राहते. कॉलर काढली की काही पक्षी हिशोब चुकता केल्यासारखे दुप्पट उपटतात.

आजी म्हणतात हळद आणि खोबरेल तेल लावा.

आजींचा मान ठेवून, नको. तेलाने पिसं चिकटतात, ऊब धरत नाहीत, आणि पक्षी ते तेल काढायला अजून जोरात चोच चालवतो. डिसेंबरच्या पुण्यातल्या रात्री चिकट पिसांचा पक्षी गारठतो. कडुनिंबाचा काढा, लिंबू, कडू स्प्रे, याने पिसं कडू होतात. पक्षी नाराज होतो, थांबत नाही. माणसांचं खाजेचं मलम तर सर्वांत वाईट. त्यातलं स्टेरॉइड त्वचेतून आणि चोचीतून शरीरात जातं, प्रतिकारशक्ती पाडतं आणि फुप्फुसात बुरशी वाढायला वाट करून देतं. साध्या कोमट पाण्याचा फवारा, तोही सकाळी, हा एकच घरगुती उपाय मी बिनधास्त सुचवतो. आफ्रिकन ग्रे दमट जंगलातला पक्षी आहे आणि एप्रिलच्या दुपारी आपल्याकडची हवा कोरडीठाक असते. त्याला रोज आंघोळ घाला.

मल्टिव्हिटॅमिनचे थेंब चालू करू का?

पेलेट, म्हणजे पक्ष्यांसाठीचं तयार गोळीखाद्य, खाणाऱ्या पक्ष्याला गरज नसते आणि अ जीवनसत्त्व जास्त झालं तरी त्रास होतो. सूर्यफुलावर वाढलेल्या पक्ष्याला आधी आहार बदला: गाजर, लाल भोपळा, शेवग्याची पानं, मेथी, मोड आलेली कडधान्यं, हळूहळू पेलेट. हा बदल महिन्याभरात नव्हे, चिकाटीने होतो. वजन बघत करा, कारण हट्टी पक्षी नवं खाणं न ओळखता उपाशी राहू शकतो. अ‍ॅव्होकाडो देऊ नका, ते विषारी आहे.

औषधासोबत घरात काय बदलायचं?

इथे थोडं थांबतो, कारण औषधाचा खर्च वाया जातो तो इथेच.

हिंजवडीला नोकरी करणारं जोडपं, सकाळी आठला दार बंद, रात्री आठला उघडतं. आफ्रिकन ग्रे किंवा काकाकुवा हे थव्यात राहणारे पक्षी, आणि जंगलात त्यांचा दिवसाचा मोठा भाग अन्न शोधण्यात जातो. आपल्याकडे वाटीत दाणे भरलेले असतात, दहा मिनिटांत जेवण उरकतं. उरलेला दिवस चोचीने काय करायचं? पिसं तर कायम हाताशी असतात.

म्हणून वाटी काढा. दाणे कागदाच्या पुड्यांत बांधा, अख्खं कणीस टांगा, भेंडी आणि शेंगा तारेत अडकवा, कोथिंबिरीची जुडी पाण्याने भिजवून पिंजऱ्यावर ठेवा. आठवड्याला पेरूची किंवा शेवग्याची, फवारणी न झालेली फांदी द्या. पक्षी ती सालासकट सोलून टाकेल आणि घरात कचरा होईल. तो कचरा हेच चांगलं लक्षण. सुरुवातीला पुडी उघडायला शिकवावं लागतं, समोर अर्धवट उघडून दाखवायची.

धूर हा दुसरा मुद्दा. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, सिगारेट. तंबाखू मळलेल्या बोटांनी पक्ष्याला हाताळलं तर निकोटिन त्याच्या पायांना आणि पिसांना लागतं आणि तो ते चावत बसतो. हात साबणाने धुवा, एवढं साधं आहे. नॉनस्टिक तवा रिकामा तापत ठेवला तर त्याच्या वाफेने पक्षी मिनिटांत मरतो. पीस कुरतडण्याशी त्याचा संबंध नाही, पण पक्षी असलेल्या घरात सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तिसरा मुद्दा तुमची प्रतिक्रिया. पीस चावलं की घरातले सगळे "ए मिठू, नको ना!" म्हणून धावत येतात. त्याला यातून कळतं काय? चावलं की माणसं येतात. चावत असताना तिकडे बघू नका. खेळत असेल, खात असेल, शांत बसला असेल तेव्हा बोला.

दुसरा पक्षी आणला तर एकटेपणा जाईल का?

जाऊ शकतो. दोघेही कुरतडू लागू शकतात. आजार तपासल्याशिवाय तर आणूच नका, पीबीएफडी असेल तर नव्या पक्ष्यालाही होईल. नवा आणलाच तर निदान महिनाभर वेगळ्या खोलीत.

रक्त येतंय, काय करू?

वाढत्या पिसाच्या दांडीत रक्त असतं. ती तुटली की भळाभळा वाहतं. घाबरू नका. पक्ष्याला पंचात घ्या, तुटलेल्या टोकावर स्वच्छ कापसाने किंवा कापडाने काही मिनिटं दाबून धरा, टोकाला कॉर्नफ्लोअर लावा. पाच-सात मिनिटांत थांबलं नाही, किंवा रक्त पिसातून नसून त्वचेच्या जखमेतून येत असेल, तर लगेच दवाखाना. पीस स्वतः ओढून काढू नका.

पिसं परत येतील का?

वर्षानुवर्षं उपटत राहिल्यास पिसाचं मूळच मरतं आणि तिथे कायमची टक्कल राहते. पूर्वीसारखा देखणा होईलच असं वचन मी कुणाला देत नाही. काही पक्षी छातीवर दोन बोटं उघडी जागा घेऊन पुढची कित्येक वर्षं मजेत जगतात, खातात, शिट्ट्या मारतात. तिथे औषध वाढवत नेण्यात अर्थ नसतो. दुखत नसेल, वजन ठीक असेल, नवी इजा होत नसेल तर मी तेवढ्यावर थांबतो. घरच्यांना ते पटायला वेळ लागतो, कारण पाहुणे येऊन विचारतात.

आमचा हिरवा देशी पोपट आहे, त्याच्यावर उपचार कराल का?

गळ्याभोवती वलय असलेला आपला देशी पोपट आणि मोठा करण पोपट हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, ते घरात पाळता येत नाहीत. वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. लहानपणापासून माणसांत वाढलेला पोपट खिडकीतून सोडून देऊ नका, तो जगणार नाही. परदेशी जातींपैकी आफ्रिकन ग्रेसारख्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या पक्ष्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. त्याचे नियम २०२४ साली आले.

पक्ष्यांचा डॉक्टर कसा निवडावा?

कुत्र्या-मांजरांचा उत्तम डॉक्टर पक्ष्यांचा असेलच असं नाही. फोनवर तीन प्रश्न विचारा: पक्ष्याचं वजन ग्रॅममध्ये करता का, पक्ष्याचं रक्त काढता का, पीसीआरचे नमुने पाठवता का. उत्तर "आणा तर आधी, इंजेक्शन देऊ" असं आलं तर दुसरीकडे विचारा. अवघड पक्ष्यासाठी शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय पुण्याहून फार लांब नाही, मुंबईला परळचं आहे.

येताना काय आणू?

पक्षी त्याच्या नेहमीच्या पिंजऱ्यात, निदान पिंजऱ्याचा फोटो. पिंजऱ्याखालचा कालपासूनचा कागद, न धुता, गुंडाळून. खाली पडलेली पिसं एका पाकिटात. त्याच्या खाण्याचं पाकीट, म्हणजे "सगळं खातो" या उत्तराची खातरजमा करता येईल. आधी दिलेल्या औषधांच्या बाटल्या, दुकानातून मनाने आणलेल्यासुद्धा. त्यावर रागावणार नाही, पण लपवलं तर डोस चुकेल. आणि तुम्ही खोलीत नसताना फोन टेकवून ठेवून काढलेला अर्ध्या तासाचा व्हिडिओ. माझ्या टेबलावर आलेला पक्षी घाबरून एकही पीस चावत नाही.